पाटावर न थांबलेली ज्योत

आमच्या गावात ज्योत घेऊन आलेल्या माणसानं हलायचं नसतं.

फेब्रुवारीतल्या शिवजयंतीला पहाटे तिकोना गडावर ज्योत पेटवतात. गडाच्या पायऱ्या उतरून, पेठेतून, धरणाच्या कडेकडेनं ती आमच्या गावी येते. वाटेत हात बदलतात, पण शेवटचा टप्पा एकाच माणसाचा. पवनानगरच्या अलीकडच्या वळणापासून गावाच्या चौकापर्यंत तो जीव खाऊन पळतो, कारण चौकात सगळा गाव उभा असतो आणि गावासमोर कोणी रमतगमत येत नाही. चौकात रांगोळीच्या मधोमध पाट मांडलेला असतो. पळणारा थेट त्या पाटावर चढतो, ज्योत डोक्याच्या वर धरतो आणि पुतळ्यासारखा उभा राहतो. मग बाया एकामागून एक येऊन त्याला ओवाळतात. शेवटचं ताट फिरेपर्यंत पाऊल हलवायचं नाही. हलला तर ज्योतीचा मान गेला. आणि ज्योत गावात पोचेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.

हा नेम कोणी घातला ते कुणालाच ठाऊक नाही, पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. उलट त्याला धरून एक गोष्ट सांगितली जाते, ती आमच्याच घरातली आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, तरुणपणी एका वर्षी ज्योत घेऊन आले, पाटावर उभे राहिले आणि ओवाळणं संपत आलं तेव्हा चौकातच त्यांनी लोटांगण घातलं. अंगभर धूळ, डोळे मिटलेले, हात जोडलेले. तेव्हा सगळा चौक रडला होता, असं म्हाताऱ्या बाया अजून सांगतात. धरणाकाठी तंबू लावून धंदा करणारी आमची पोरं ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना शेकोटीजवळ ऐकवतात. मीही ती ऐकतच मोठी झाले. मला तिचा फार अभिमान होता. अजून आहे, फक्त आता त्याचं कारण बदललं आहे.

मी वाढले ती पत्रकांवर. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण आमच्या घरात ती गोष्ट कधी जुनी झाली नाही. माझे वडील, ज्यांना मीही इतरांसारखी भाऊच म्हणते, धरणग्रस्तांची पत्रकं लिहायचे. बाकीच्या मुलांनी पहिलीच्या पुस्तकातून अक्षरं गिरवली, मी ‘जाहीर आवाहन’ हे दोन शब्द आधी वाचायला शिकले. पत्रकांच्या घड्या घालणं हा माझा खेळ होता. ती जीपच्या टपावरून, आठवडे बाजारातून, लग्नाच्या मांडवातून वाटणं हे माझं फिरणं. कागदाच्या एका बाजूवर जगातला अन्याय मावतो आणि तो वाचून माणूस उठतो, असं मला अगदी लहानपणापासून वाटत आलं आहे. भाऊंचा त्यात एकच कडक नियम होता. शाईचा हात पुसत ते म्हणायचे, “पत्रकात येक वळ जरी खोटी गेली, तर बाकीच्या खऱ्या वळी कोण वाचंल?”

म्हणून ज्योतीचा शेवटचा टप्पा मुलींना का नाही, हा प्रश्न मला पडला तेव्हा मी घरात आदळआपट केली नाही. पत्रक लिहिलं.

तेव्हा मी लोणावळ्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राला होते आणि कॉलेजकडून शर्यतीत पळत होते. रोज उजाडताना धरणाच्या रस्त्यावर माझ्याबरोबर गावातली आणखी एक मुलगी पळायची. ती बौद्धवाड्यातली, माझ्याहून वयानं लहान, पोलीस भरतीची तयारी करणारी. मी तिला धाकटी म्हणते, नात्यानं नसली तरी. तिची आई तंबूंवरच्या पाहुण्यांचा स्वयंपाक करते. आम्ही दोघी तंबूंच्या रांगेपुढून पळत गेलो की आदल्या दिवशीचे पाहुणे चहाचे कप हातात धरून बघत राहायचे. धाकटीची पावलं माझ्यापेक्षा हलकी. चढावर ती मला नेहमी मागं टाकायची, आणि वर थांबून माझी वाट बघत मला जोरजोरात चिडवायची.

आबांनी माझं पत्रक वाचलं, दोनदा वाचलं, आणि मला बोलावून घेतलं. ज्योतीचा सगळा कारभार त्यांच्या शब्दावर चालतो. त्यांनी मान्यता दिली. पण नेम सगळे पाळायचे, मुलगी म्हणून कसली सूट मिळणार नाही, असं बजावलं. सूट मागितलीच कुणी, असं मी म्हणाले. तेव्हाचा माझा आवाज मला आजही आवडतो.

त्या वर्षी शेवटच्या वळणावर ज्योत माझ्या हातात यायच्या आधीच काळीज धडधडायला लागलं होतं. मला वाटलं, घाबरले. आता मला माहीत आहे की ती तयारी होती. पाय उचलण्याआधीच मेंदू हृदयावरचा लगाम सैल सोडतो, म्हणजे पहिल्या पावलाला रक्त कमी पडायला नको. मी निघाले. सुरुवातीला मांड्या जड होत्या, मग त्या ऊबदार होत गेल्या, आणि धरणाचा वारा अंगावर आला तेव्हा असं वाटलं की पळणं मी करत नाही, ते माझ्यात चाललं आहे. तोंड कोरडं पडलेलं, पोटात काही नसल्यासारखं, पाय मात्र पेटलेले. डाव्या हाताला पाणी चमकत होतं. त्याखाली आमचं जुनं गाव. मी आयुष्यात इतकी जोरात कधी पळाले नव्हते.

चौक आला. पाटावर चढले, ज्योत वर धरली, स्थिर झाले. पहिलं ताट आईचं. ती माझ्याकडे बघत नव्हती, बघितलं असतं तर रडली असती. पुढच्या ताटाला माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. त्यापुढच्या ताटातला दिवा बारीक होत लांब गेला. मला गार घाम सुटला. चौक कडेकडेनं काळा होत आत आला आणि शेवटी त्या दिव्याएवढाच उरला.

ज्योत कुणीतरी वरच्यावर धरली, असं नंतर कळलं. मला दोन बायांनी काखेत हात घालून परत उभी केली, कारण ओवाळणं अर्धंच झालं होतं. मी परत कोसळले. कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावला आणि परत उभी करायला लागलं. त्या गोंगाटात मला आबांचा आवाज ऐकू आला तो एवढाच: “निजू द्या तिला. उभी करू नका.”

त्यांना हे कसं माहीत, असा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. आडवी पडल्यावर थोड्याच वेळात आभाळ परत निळं झालं, आणि कानातली शिट्टी थांबल्यावर मला पहिल्यांदा ऐकू आलं ते लोकांचं बोलणं.

बाईमाणसाच्या अंगात रक्तच कमी. उपाशी पोरगी, काय झेपणार. त्या दिवसांत असंल, आणि तरी ज्योतीला हात लावला. दृष्ट लागली. तंबूवाल्या पोरांपैकी एक जण म्हणाला की ज्योत विझली नाही हेच नशीब. आबा काहीच बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं हाच निकाल समजून पोरांनी आठवड्याभरात ठरवून टाकलं की पुढच्या वर्षी शेवटचा टप्पा परत त्यांचा.

मला ते लागलं, पण मी ते सोसलं असतं. सोसवलं नाही ते वेगळंच. धाकटी सकाळी रस्त्यावर यायची थांबली. मी तिच्या घरी गेले तर तिची आई दारातच भाकरीचं पीठ मळत बसली होती. रागावलेली नव्हती, भ्यालेली होती. ती म्हणाली, “तू चौकात पडलीस, तुजं समदं गाव हाय उचलायला. ही भरतीच्या मैदानात पडली तर कोण हाय?” आतल्या अंधारात धाकटी उभी होती. बुटांच्या नाड्या तिनं बोटाला गुंडाळल्या होत्या.

म्हणजे माझ्या पडण्यानं तिची भरती जाणार होती. ज्योत ही वर्षातली एक सकाळ. भरती हे तिचं सगळं आयुष्य. त्या दारातून परत येताना मी ठरवलं की मी का पडले हे मला कळलंच पाहिजे. समजूत घालण्यापुरतं कारण मला नको होतं. खरं कारण हवं होतं.

कामशेतला जीपनं, तिथून लोणावळ्याला गाडीनं, असा माझा रोजचा रस्ता. दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर आमच्या शरीरक्रिया शिकवणाऱ्या मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी रक्ताची तपासणी करून घे म्हणून चिठ्ठी दिली, ती मी केली, त्यात काही कमी निघालं नाही. मग त्यांनी मला एकच विचारलं, पळणं संपल्यावर काय केलंस. उभी राहिले, म्हणाले. हललीस का? नाही. पाणी? नाही. तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेत माझ्या दंडाला दाब मोजायचा पट्टा बांधला, मला लाकडी ठोकळ्यावर घाम फुटेपर्यंत चढउतर करायला लावली आणि मग हुकूम सोडला की आता पाटावर उभी होतीस तशी उभी राहा. मागं खुर्ची होती, दोन्ही बाजूंना मैत्रिणी. पारा खाली खाली सरकताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. कानात शिट्टी सुरू व्हायच्या बेतात मॅडम म्हणाल्या, आता चाल. मी जागच्या जागी पावलं टाकायला लागले आणि पारा वर चढला.

त्यानंतरचे कित्येक दिवस मी ग्रंथालयात बसून होते. जे वाचलं ते वाचून मला जो आनंद झाला तो एखादा मोर्चा जिंकल्यासारखा होता.

आपल्या अंगात रक्त ठरावीक असतं. पळायला लागलं म्हणून ते वाढत नाही. हृदय ठोके वाढवतं, प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरवतं. तरी सगळ्यांना सगळं पुरत नाही. मग वाटप होतं. पोटाकडे, आतड्यांकडे जाणाऱ्या नळ्या अरुंद होतात, कारण त्यांचं काम थोडं थांबलं तरी चालण्यासारखं असतं. आणि ज्या स्नायूंचं काम चालू आहे तिथल्या बारीक नळ्या रुंद होतात. त्या कशानं रुंद होतात? काम करताना स्नायूत जी आम्लं तयार होतात, जी उष्णता होते, प्राणवायूची जी चणचण पडते, तीच चणचण त्या नळ्यांच्या भिंती सैल करते. वरून परवानगी यायची वाट बघावी लागत नाही. जो राबतो त्याचा दरवाजा त्याच्याच राबण्यानं उघडतो. हे वाक्य वाचून कळलं तेव्हा मी टेबलावर थाप मारली आणि ग्रंथपालांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

ज्यांच्या दाराशी धरण आहे आणि उन्हाळ्यात ज्यांच्या हंड्यात पाणी नाही, त्यांना त्या वाक्याचं काय वाटेल ते मी सांगायला नको. माझ्या चामडीच्या आत एक असं धरण आहे ज्याचे दरवाजे कष्टाकडे बघून उघडतात. मला माझ्या शरीराचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, आणि तो माझ्या एकटीच्या शरीराचा नव्हता. भारे वाहणाऱ्या, भात लावणाऱ्या, चुलीपुढं तासन्‌तास बसणाऱ्या प्रत्येकीच्या अंगात तेच चाललेलं असतं.

मॅडमनी मला थोडं जमिनीवर आणलं. सगळे दरवाजे एकाच वेळी सताड उघडले तर नळीतला दाबच संपेल, त्या म्हणाल्या, आणि मग सगळ्यांत उंचावर बसलेला मेंदू कोरडा पडेल. म्हणून मानेतल्या मोठ्या नळ्यांच्या भिंतीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब जरा उतरला की ती वर कळवतात, मग हृदय वेग वाढवतं आणि दूरच्या नळ्या थोड्या आवळल्या जातात. राबणाऱ्याला जास्त मिळतं, पण मेंदूचा वाटा कापून नाही.

आणि मग ती गोष्ट आली जिच्यासाठी मी हे सगळं उकरत होते. पायांकडे गेलेलं रक्त परत वर यायला हवं. ते काम एकटं हृदय करत नाही, पोटरीही करते, जणू दुसरं काळीज. पाऊल पडलं की पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पळताना हा पंप अखंड चालतो. मी पाटावर चढले आणि तो एका क्षणात बंद केला. पायांतल्या नळ्या तेव्हाही पळण्यासाठी उघडलेल्याच होत्या. घाम आणण्यासाठी कातडीतल्या नळ्याही उघडलेल्या. रक्त पायांत साचत गेलं. माझं काळीज दमलं नव्हतं, त्याच्याकडे परत यायचं रक्तच आलं नव्हतं. मानेतल्या त्या टोकांनी हाका मारून पाहिल्या, पण साचलेलं रक्त त्यांच्या हाकेनं वर येत नव्हतं. शेवटी शरीर आडवं झालं, म्हणजे मेंदू आणि हृदय एका पातळीवर आले आणि रक्ताला चढायची गरजच उरली नाही. पडणं हाच उपाय होता. गावानं मला उभी करून तो उपाय एकदा हाणून पाडला, दुसऱ्यांदा पाडता पाडता राहिला.

काही बायकांना नुसतं उभं राहून भोवळ लवकर येते, हेही मॅडमनी लपवलं नाही. पण पोटरी बंद केली तर बाप्याही पडतो, त्या म्हणाल्या.

मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘बाईच्या रक्तावर आळ घेणाऱ्यांना जाहीर जाब’. भाऊंनी तो वाचून खोडला आणि वर लिहिलं, ‘ती का पडली?’ जाब मागितला की माणूस कवाड लावून घेतो, असं त्यांचं म्हणणं. हृदय हा राजा नसून कष्टकरी आहे, ही माझी लाडकी ओळही गेली. हृदय हृदय आहे, भाऊ म्हणाले. मग कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “पाणी पिली व्हतीस?”

“नेम होता ना.”

“मंग लिव.”

मी भांडले. पाणी प्यायले नव्हते असं लिहिलं की लोक तेवढंच धरून बसतील, उपाशी पोरगी म्हणून मोकळे होतील. भाऊ ऐकत राहिले आणि कागद माझ्याकडे सरकवून बाहेर निघून गेले. त्यांचा नियम मला पाठ होता. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तही आटतं, आणि आटलेलं रक्त पायांत साचलं की माणूस लवकर पडतो, हेही मी लिहिलं. पाणी तोडण्याचा नेम माणसाला पाडणारा आहे, असंही लिहिलं. खरं सांगायचं तर त्या ओळीमुळे पत्रक जास्त धारदार झालं.

पवनानगरच्या जीपथांब्यावर, गिरणीत, तंबूंवर, सगळीकडे मी ते वाटलं. चेष्टा झालीच. रक्ताचं पत्रक वाटणारी म्हणून माझं नाव पडलं. एका जीपवाल्यानं वाचून विचारलं की ताई, पोटरी जर दुसरं काळीज, तर माझी बायको म्हणती तुला एकबी न्हाई ते कसं काय? जीपमधल्या सगळ्या बाया हसल्या. पण त्या हसत असताना पत्रक कुणी फेकलं नाही, हे मी बघून ठेवलं.

धाकटीच्या आईला मी ते वाचून दाखवलं. तिनं पिठाच्या हातानं स्वतःची पोटरी दाबून पाहिली, आणि म्हणाली की गाव काय म्हणतंय ते बघू. धाकटी मागं उभी होतीच. मला कळलं की आता गावाच्या बैठकीतच काय ते ठरणार.

पुढच्या जयंतीच्या आधी चौकात ती बैठक बसली. नेहमीसारखे बाप्ये पारावर, बाया देवळाच्या पायऱ्यांवर. तंबूवाल्या पोरांचा जो पुढारी होता तो उठला. त्यानं माझी चेष्टा केली नाही, उलट सभ्यपणे बोलला, आणि म्हणून ते जास्त टोचलं. तो म्हणाला की शास्त्र खरं असंल, आमी न्हाई म्हनत न्हाई. पण पोटरी आमालाबी हाय. पाट आमालाबी हाय. आजवर आमच्यातला एकबी पडला न्हाई.

मी उठले. माझ्याजवळ उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक उत्तर. आबांनी बसल्या जागेवरून हात वर केला.

“येक पडलाय,” ते म्हणाले.

कोण, असं कुणीतरी विचारलं.

“मी.” आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “लोटांगण न्हवतं ते. डोळ्यापुढं अंधारी आली, पडलो. डोळं उघडलं तवा समदी माज्यासंगट जिमिनीवर पाया पडत व्हती. मंग मीबी हात जोडलं.”

एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला, रडायला की हसायला ते मला दिसलं नाही. इतकी वर्षं जी गोष्ट गावानं उराशी धरली होती, ती तिच्या मालकानं स्वतःच्या हातानं सोडून दिली होती. मला त्या क्षणी पाटावर उभं असल्यासारखं वाटलं. आबा जमिनीकडे बघत पुढं एवढंच बोलले, “आन मला मान मिळाला. हिला कांदा.”

पहिली हसली ती आई. मग सगळा चौक हसला. तो पुढारी पोरगाही हसला, पण त्यानं मुद्दा सोडला नाही, आणि त्याचं म्हणणं रास्त होतं. पाटावर थांबायचं नसेल तर ओवाळायचं कसं? ज्योत न ओवाळता गावात घ्यायची काय? त्यावर बरेच जण बोलले. कुणी म्हणालं, बसवून ओवाळा. कुणी म्हणालं, श्वास खाली बसल्यावर ओवाळा. म्हातारे कशालाच तयार होईनात, ज्योत आल्या आल्या ओवाळली पाहिजे म्हणाले.

तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवरून धाकटीची आई बोलली. ती अशा बैठकीत कधी बोलत नाही. “तिला थांबवायचं कशाला? आमी चालू की ताट घिऊन. ताट काय जड हाय व्हय?”

आणि मग, जसं काही हे आधीच ठरलं होतं, तसं तिनं विचारलं की औंदा शेवटाला माजी पोरगी पळणार का.

आबांनी मान हलवली.

त्या वर्षी शेवटच्या आधीचा टप्पा मी पळाले. वळणावर ज्योत धाकटीच्या हातात दिली, तिला पाण्याचा गडू दिला, तिनं दोन घोट घेतले आणि ती सुटली. मी चालत मागं निघाले. चालताना माझ्या पोटऱ्या आवळत होत्या, सुटत होत्या, आणि त्यांचं काय चाललंय ते मला ठाऊक होतं. ते ठाऊक असण्याचं सुख मला नीट सांगता येणार नाही.

मी चौकाजवळ पोचले तेव्हा ओवाळणं चालू होतं. पाट मांडलेला होता, भोवती रांगोळीही होती. धाकटी त्या पाटाला वळसा घालून चौकाच्या कडेनं चालत होती, ज्योत वर, तोंड लाल, छाती भात्यासारखी. तिच्या बाजूनं ताटं हातात घेतलेल्या बाया चालत होत्या. दिव्याच्या वाती वाऱ्यानं आडव्या होत होत्या, एक हात आड धरून त्या चालता चालता ताट फिरवत होत्या, कुंकू कपाळाऐवजी नाकावर लागत होतं. सगळ्यांत पुढं धाकटीची आई होती. ओवाळून झालं की मागं सरायचं, हे तिला कुणी सांगितलं असेल, पण ती सरत नव्हती. तिला धाप लागली होती. लेकीनं तिच्यासाठी पावलं थोडी हळू केली. त्या चालण्याच्या गडबडीत कुणी कुठल्या ओळीत यायचं याचा हिशेब राहिला नाही, आणि माझी आत्या, जिनं नवरा गेल्यापासून असलं ताट हातात धरलं नव्हतं, तीही त्या घोळक्यात चालत होती. तिला कुणी अडवलं नाही. बहुतेक कुणाला दिसलंच नाही. मला दिसलं.

आता सकाळी आम्ही दोघी परत धरणाच्या रस्त्यावर असतो. भरतीचं मैदान अजून व्हायचं आहे. ती चढावर मला अजून मागं टाकते. तंबूवाली पोरं पाहुण्यांना लोटांगणाची गोष्ट अजून सांगतात, कारण ती शेकोटीजवळ चांगली रंगते. आबा जवळपास असले तर मधेच म्हणतात, पडलो व्हतो. पाहुण्यांना वाटतं म्हातारा विनयानं बोलतोय.

त्या दिवशी आबा त्या घोळक्याच्या मागं काठी टेकत चालत होते. त्यांचा चेहरा घामेजला होता. मी त्यांचा दंड धरला आणि म्हणाले, आबा, पारावर बसा जरा.

त्यांनी माझा हात झटकला. “तूच लिवलंयस की,” ते म्हणाले, “थांबायचं न्हाई म्हून.”

धाकटी दुसऱ्या फेरीला लागली. आम्ही तिच्या मागं चालत राहिलो.